नाव चुकलेली पेशी

आपण बघायला गेलो की गायब होणारा बग माहीत आहे ना? ताईला तसाच त्रास होता. मधेच अंगावर पित्त उठायचं, बीपी पडायचं आणि दुसऱ्या दिवशी रिपोर्ट नॉर्मल! म्हणून जरा इतिहास वाचला.

१८७८ साली लाइपझिगला २४ वर्षांच्या पाउल एर्लिखने अ‍ॅनिलिन रंगांवर प्रबंध लिहिला. त्यात कणांनी गच्च भरलेली एक पेशी त्याला दिसली. खाऊनपिऊन गुबगुबीत झालीय असं समजून त्याने जर्मनमध्ये तसंच नाव ठेवलं. तीच आपली मास्ट सेल.

पण ते कण म्हणजे खाणं नव्हतंच. १९५३ मध्ये स्कॉटलंडच्या डंडीत रायली आणि वेस्ट यांनी दाखवलं, की त्यात हिस्टामिन असतं. थोडक्यात, दारूगोळा!

तो उडाल्याचा लॉग म्हणजे रक्तातलं ट्रिप्टेज. २०१२ साली तज्ज्ञांनी सूत्र ठरवलं: स्वतःच्या नेहमीच्या पातळीवर २० टक्के अधिक २. म्हणजे ५ असेल तर ८. (लक्षणं आणि औषधाचा गुणही बघतातच.) रक्त मात्र अ‍ॅटॅकनंतर चारेक तासांत घ्यायचं.

गंमत म्हणजे ८ हा आकडा लॅबच्या 'नॉर्मल'मध्येच बसतो. ताईची दोन वर्षं त्या एका शब्दात गेली.