वाटसरूचे छप्पर

महाडहून रायगडाकडे निघालेल्या वाटसरूला आमचे नाते गाव वाटेतच लागते. गडाची वाट ही पाहुण्यांची वाट. पाचाडकडे आता घरातली खोली रात्रीपुरती भाड्याने देतात. मग कर किती, नोंद कोठे, याची चर्चा ओट्याओट्यांवर रंगते. परंतु वाचकहो, मी शाळेत इतिहास शिकवतो. मला आधी आठवतो तो दाराचा नियम.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेले पाणवठे, शाळा, दवाखाने आणि धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असे त्यात होते. ठरावातला पाणवठा सर्वांना ठाऊक आहे. धर्मशाळा मात्र आपण विसरतो. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे कागदोपत्री खुले केले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर आपल्या लोकांसह ते पाणी प्यायले, आणि दूरदूरहून पायपीट करून आलेल्या त्या वाटसरूंवर लाठ्या पडल्या. कित्येकांना मुसलमानांच्या घरांनी आसरा दिला. डिसेंबरातल्या परिषदेला जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान यांनी आपली जागा दिली. ठराव कागदावर होता; दार उघडले ते माणसांनी.

पुढे १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याने हॉटेल व धर्मशाळेतली ही अडवणूक शिक्षेस पात्र ठरली.

पैशाचे नियमही याच काळात आले. १९४७ च्या मुंबई कायद्याने घरभाड्याबरोबर हॉटेल व लॉजिंगचे दरही सरकारी नियंत्रणाखाली आणले. तो २००० साली सरला. १९८७ साली आलेला चैनीवरील कर २०१७ च्या वस्तू व सेवा करात विरला. सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर शेकडा ५ कर आहे. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या घरमालकाला नोंदणीची सक्ती नाही. मात्र खोली संकेतस्थळावरून दिली, तर कर ते संकेतस्थळ भरते.

हा हिशेब चोख असावा, यात शंका नाही. पाहुण्याचे नाव वहीत लिहून घ्यावे, हेही योग्यच. पण ती वही नोंदीसाठी आहे, चाळणीसाठी नव्हे. आडनाव ऐकून "खोली रिकामी नाही" म्हणणाऱ्या घराने पै न पै कर भरला, तरी महाडचे देणे त्याच्याकडे बाकीच राहते.