संमतिवय ते समाजस्वास्थ्य : एका अवघड चौकशीचा इतिहास

१८९० आणि १८९१ या दोन वर्षांतील मराठी वृत्तपत्रांचे बांधीव खंड ज्या जुन्या ग्रंथालयांनी वाळवीपासून वाचवून ठेवले आहेत, तेथे ती पिवळी पाने उलटणाऱ्या अभ्यासकाच्या ध्यानात एक गोष्ट चटकन येते. संमतिवयाच्या विधेयकावर त्या काळी जेवढी शाई खर्ची पडली, तेवढी क्वचितच दुसऱ्या एखाद्या सामाजिक प्रश्नावर पडली असेल. 'केसरी' एका बाजूला, 'सुधारक' दुसऱ्या बाजूला. गृह्यसूत्रे, स्मृती, त्यांवरील टीका, राणीचा १८५८ चा जाहीरनामा, परकी सरकारचा अधिकार, सारे काही या वादात ओढले गेले. मात्र ज्या दहा-अकरा वर्षांच्या मुलीच्या देहाविषयी हा शास्त्रार्थ चालला होता, तिच्यावर काय गुदरते हे तिलाच किंवा तिची शुश्रूषा करणाऱ्या वैद्याला विचारावे, असे या महापंडितांपैकी फारच थोड्यांच्या मनात आले.

तरुण मुलामुलींचे लैंगिक आरोग्य आणि नात्यातील सुरक्षितता हा शब्दप्रयोग अलीकडचा असला, तरी त्यामागचा प्रश्न जुनाच आहे. त्याचा इतिहास बहुधा कायद्यांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. परंतु कायदा होण्यापूर्वी कोणीतरी चौकशी करावी लागते, नोंद ठेवावी लागते, आणि ज्या गोष्टी चारचौघांत उच्चारायच्या नाहीत त्या उच्चाराव्या लागतात. हे काम महाराष्ट्रात आणि महाराष्ट्राबाहेरील मराठी समाजात कोणी केले, आणि त्याचे मोल त्यांनी कसे चुकते केले, ही कथा ग्रंथालयाच्या वाचकाने जाणून घेण्यासारखी आहे.

१८६० च्या भारतीय दंडसंहितेने विवाहितेच्या संमतीचे वय दहा वर्षे ठरविले होते. याचा अर्थ असा की, पत्नीचे वय दहा पूर्ण झाले की पतीने तिच्याशी केलेला व्यवहार, तिची इच्छा असो वा नसो, बलात्कार या सदरात मोडत नसे. बेहरामजी मलबारी यांनी १८८४ साली बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवरील आपली टिपणे प्रसिद्ध केली, तेव्हा या विषयाला देशव्यापी तोंड फुटले. त्याच वर्षी मुंबईत दादाजी भिकाजी यांनी आपली पत्नी रखमाबाई हिने नांदावयास यावे म्हणून दावा लावला. लग्नाच्या वेळी रखमाबाई अकरा वर्षांच्या होत्या. समज येण्यापूर्वी लावून दिलेले लग्न आपण मानीत नाही, ही त्यांची भूमिका. न्या. पिन्ही यांनी १८८५ साली त्यांच्या बाजूने कौल दिला. अपिलानंतर प्रकरण पुन्हा सुनावणीस आले आणि १८८७ साली न्या. फॅरन यांनी नांदावयास जावे, नाहीतर सहा महिने तुरुंगवास भोगावा, असा हुकूम केला. तुरुंगवास पत्करण्याची त्यांची तयारी होती. अखेर १८८८ साली दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटले. पुढे त्या लंडनला जाऊन वैद्यकीय पदवी घेऊन आल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ स्त्रियांची सेवा केली. संमती म्हणजे केवळ वयाचा आकडा नव्हे, ती व्यक्तीने स्वतः द्यावयाची गोष्ट आहे, हे त्या काळात इतक्या स्पष्टपणे सांगणारी दुसरी मराठी मुलगी सापडणे कठीण. डॉ. आनंदीबाई जोशी यांची हकीकत वाचकांच्या परिचयाची आहे. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत दगावले आणि त्या दुःखातून त्यांच्या वैद्यकशिक्षणाचा संकल्प झाला, एवढेच येथे स्मरावे.

कलकत्त्याच्या फुलमणी दासी या मुलीचे वय दहाच्या किंचित वर होते. तिशी ओलांडलेल्या पतीच्या सहवासात तिचा मृत्यू झाला. १८९० साली चाललेल्या खटल्यात पतीवर बलात्काराचा आरोप टिकणे शक्यच नव्हते, कारण कायद्याने ठरविलेली दहा वर्षांची रेषा तिने ओलांडली होती. त्याला एक वर्षाची सक्तमजुरी झाली. या निकालाने देश हादरला खरा, पण त्याहून महत्त्वाचा दस्तऐवज त्याच वर्षी व्हाइसरॉयकडे गेला. डॉ. मॅन्सेल आणि भारतात काम करणाऱ्या आणखी पंचावन्न स्त्री-डॉक्टर यांनी सादर केलेला तो अर्ज होता. त्यांनी शास्त्रवचनांच्या वाटेला न जाता आपल्या रुग्णालयांत आलेल्या तेरा बालवधूंच्या नोंदी जोडल्या : वय काय, इजा कोणती, पुढे काय झाले. काही मुली मरण पावल्या होत्या, काही जन्माच्या अपंग झाल्या होत्या. संमतीचे वय चौदा करावे, अशी त्यांची मागणी होती.

या तेरा नोंदींचे मोल आज वेगळेच जाणवते. संख्या लहान, पद्धत साधी. आजच्या संशोधनाच्या कसोट्यांना ती पुरणार नाही. परंतु ज्या वादात दोन्ही पक्ष ग्रंथांकडे बोट दाखवीत होते, त्यात खाटेवरील रुग्णाकडे बोट दाखविणाऱ्या या स्त्रिया होत्या. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी ऋतुप्राप्तीबरोबर गर्भाधान केलेच पाहिजे असे शास्त्र सांगत नाही, हे आधारांनिशी दाखविले. लोकमान्य टिळकांनी त्यांचा प्रतिवाद केला. टिळकांविषयी येथे एक गोष्ट न्यायबुद्धीने नोंदली पाहिजे. मुलींची लग्ने सोळा वर्षांपूर्वी करू नयेत, असे लोकांनी स्वेच्छेने ठरवावे अशी सूचना त्यांनीच १८९० साली मांडली होती. त्यांचा आक्षेप परकी सरकारच्या कायद्याला होता. पण कायद्यावाचून ती सूचना कोणी अंगीकारली असती का, हा प्रश्न उरतोच. १९ मार्च १८९१ रोजी विधेयक संमत झाले आणि वय दहाचे बारा झाले.

बडोद्याच्या मराठी वाचकांना आपल्या संस्थानाचे येथे स्मरण होईल. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९०४ साली बालविवाह प्रतिबंधक निबंध करून मुलीसाठी बारा आणि मुलासाठी सोळा ही विवाहाची किमान वये ठरविली. ब्रिटिश हद्दीत तोवर केवळ संमतीचे वय होते, विवाहाचे नव्हते. हे पाऊल त्यापुढचे होते. दंड भरून लग्न उरकण्याची सोय पुष्कळांनी शोधली, हेही खरे.

१९२५ साली विवाहितेचे संमतिवय तेरा झाले. तथापि चौकशी या शब्दाला शोभेल असे काम झाले ते १९२८-२९ मध्ये. सरकारने जून १९२८ मध्ये संमतिवय समिती नेमली. अध्यक्ष होते वऱ्हाडातील सर मोरोपंत विश्वनाथ जोशी. सभासदांत श्रीमती रामेश्वरी नेहरू होत्या आणि एक स्त्री-डॉक्टरही होत्या. समितीने छापील प्रश्नावली पाठविल्या, प्रांतोप्रांती हिंडून साक्षी घेतल्या, डॉक्टर, वकील, शास्त्री, मौलवी, समाजसेविका यांना बोलाविले. पडद्यातील स्त्रियांची मते जाणून घेण्याचा यत्न केला. नऊ खंडांत छापलेल्या या साक्षींत त्या काळच्या कौटुंबिक जीवनाविषयी जी माहिती आहे, ती एखाद्या कादंबरीत सापडावयाची नाही. क्षयरोग, अशक्त बाळे, बाळंतपणातील मृत्यू, पहिल्या रात्रीची भीती यांविषयी सरकारी दप्तरात एवढ्या मोकळेपणाने प्रथमच बोलले गेले. आणि मग एक विलक्षण सत्य पुढे आले. ज्या १८९१ च्या कायद्याने देशभर रणे माजविली, तो अस्तित्वात आहे हेच बहुसंख्य लोकांना ठाऊक नव्हते. ज्यांना ठाऊक होते त्यांनाही तो वापरता येत नव्हता. मुलीचे वय सिद्ध करावयाचे तर जन्माची नोंद कोठे, आणि जावयाविरुद्ध फिर्याद करावयाची तर कोणत्या आईबापांनी? समितीने जन्माच्या व लग्नाच्या नोंदी नीट ठेवण्यावर भर दिला, तो उगीच नव्हे. विवाहाचे किमान वय चौदा आणि विवाहांतर्गत संमतिवय पंधरा असावे, अशी तिची शिफारस होती. हरबिलास सारडा यांचा कायदा सप्टेंबर १९२९ मध्ये संमत होऊन १ एप्रिल १९३० पासून अमलात आला. मुलीसाठी चौदा आणि मुलासाठी अठरा. मधल्या सहा महिन्यांत देशभर पाळण्यातल्या मुलांची लग्ने उरकून घेण्याची जी घाई झाली, तिचे पडसाद १९३१ च्या खानेसुमारीतही उमटले.

या सर्व चौकशांत प्रश्न विचारणारे वडीलधारे होते आणि उत्तरे देणारेही वडीलधारेच. तरुणांनी स्वतः विचारावे आणि त्यांना सरळ उत्तर मिळावे, ही सोय मराठीत एका गणिताच्या प्राध्यापकाने केली. रघुनाथ धोंडो कर्वे यांचा जन्म १८८२ चा. महर्षी कर्वे यांचे ते ज्येष्ठ चिरंजीव. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, विषयावर पुस्तके लिहिली, आणि या प्रचारापायी १९२५ साली त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. जुलै १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' निघाले. पत्नी मालतीबाईंची साथ, स्वतःचेच लेखन, आणि कायमची आर्थिक ओढाताण, अशा स्थितीत ते सव्वीस वर्षे चालले. मुखपृष्ठावरील नग्न चित्रांमुळे ते उघड्यावर ठेवणे अवघड जाई, पण त्याची खरी शक्ती वाचकांच्या प्रश्नोत्तरांत होती. हस्तमैथुनाने शरीराचा नाश होतो, या समजुतीने ग्रासलेला तरुण त्या काळी वृत्तपत्रांतील धातुपौष्टिकाच्या जाहिरातींच्या हवाली असे. कर्व्यांनी त्याला शास्त्रीय पुस्तकांच्या आधारे सांगितले की ही भीती निराधार आहे. गुप्तरोग कसे होतात, त्यांपासून बचाव कसा करावा, स्त्रीची इच्छा विचारात घ्यावयाची की नाही, हे सारे तेथे साध्या मराठीत येई.

याची किंमत न्यायालयात मोजावी लागली. १९३१ साली व्यभिचाराच्या प्रश्नावरील लेखासाठी त्यांना शंभर रुपये दंड झाला. १९३४ सालचा खटला आपल्या विषयाच्या अधिकच जवळचा आहे, कारण त्यात आरोप होता तो वाचकांच्या प्रश्नांना, हस्तमैथुन आणि समलिंगी आकर्षण यांविषयीच्या शंकांना, उत्तरे दिल्याचा. कर्व्यांचे वकीलपत्र घेतले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. ज्या वाचकाला शंका आहे तो ती विचारणारच. विषयच लैंगिक असेल तर त्यावर लिहिणे एवढ्याने अश्लील ठरत नाही. आणि कोणाला प्रश्नात विकृती दिसत असेल तर ती ज्ञानानेच दूर होईल, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. आधाराला हॅवलॉक एलिस यांचे संशोधन होते. खटला हरला, दोनशे रुपये दंड झाला. गोलमेज परिषदा आटोपून आलेल्या, अस्पृश्यांच्या लढ्यात आकंठ बुडालेल्या या नेत्याने एका एकाकी मासिककाराची बाजू घ्यावी, हे मराठी समाजाच्या फार उशिरा ध्यानात आले. कर्वे १४ ऑक्टोबर १९५३ रोजी वारले आणि नोव्हेंबरचा अंक शेवटचा ठरला.

त्यानंतरच्या काळाचा आढावा थोडक्यात घेता येईल, अपवाद एकाचा. गडचिरोलीत काम करणाऱ्या डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन खेड्यांतील साडेसहाशे स्त्रिया व वयात आलेल्या मुलींची तपासणी केली. त्यांचा निबंध जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात आला. तपासलेल्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता, आणि यापूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या ८ टक्के. तोवर शासनाच्या लेखी ग्रामीण स्त्री म्हणजे गर्भवती किंवा शस्त्रक्रियेस योग्य एवढीच होती. अविवाहित मुलगी तर हिशेबातच नव्हती. पुढे याच कामातून तरुणांसाठी 'तारुण्यभान' हा शिक्षणाचा उपक्रम उभा राहिला. उलट शाळांतील किशोरशिक्षणाच्या कार्यक्रमावर महाराष्ट्रासह काही राज्यांनी २००७ साली बंदी घातली, तेव्हा विधिमंडळातील भाषणे वाचताना १९३४ ची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

कायद्याचा आकडा मात्र चढत गेला. १९४९ साली विवाहितेचे संमतिवय पंधरा झाले. २०१२ च्या बालकांच्या लैंगिक शोषणविरोधी कायद्याने बालकाचे वय अठरापर्यंत धरले. सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींचे परस्परसंमतीचे संबंधही त्यामुळे गुन्हा ठरतात, आणि त्याविषयी अनेक उच्च न्यायालयांनी चिंता व्यक्त केली आहे. विवाहितेपुरते पंधराचे अपवादकलम तरीही शिल्लक होते. ११ ऑक्टोबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते अठरावर आणले. त्या निकालपत्रात बालवधूंच्या आरोग्याविषयीची चर्चा आहे आणि तिच्या आधाराला राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे आहेत. ही पाहणी घरोघर जाऊन, स्त्रियांना स्वतः विचारून केलेली असते.