बांधाचे कर्जरोखे

नेदरलँड्समध्ये लेक नदीच्या उत्तर काठाने मैलोन्‌मैल मातीचा बांध गेला आहे. त्याच्या आडची जमीन इतकी सखल आहे की बांध फुटला तर पुराचे पाणी दूरवर पसरते. या बांधाची देखभाल ‘लेकडाइक बोव्हेनडाम्स’ या जलमंडळाकडे होती. अशी मंडळे तेथे मध्ययुगापासून आहेत. बांधामुळे ज्यांच्या जमिनी वाचत, त्यांच्याकडून पट्टी वसूल करून ती बांध राखत.

नेहमीच्या डागडुजीला पट्टी पुरे. मोठे काम निघाले की एकरकमी पैसा लागे. 1624 मध्ये बांध फुटला, तेव्हा मंडळाने लोकांकडून कर्ज उभारले. त्या वर्षी 10 डिसेंबरला एल्स्कन योरिसडॉख्टर या स्त्रीने 1,200 गिल्डर दिले. व्याज ठरले दरसाल सव्वासहा टक्के. मुद्दल फेडण्याची मुदत नव्हती. रोखा ज्याच्या हाती जाईल, त्याला व्याज मिळत राहायचे होते.

15 मे 1648 चा असाच 1,000 गिल्डरचा रोखा आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या बायनेकी ग्रंथालयात आहे. होन्सवाइक गावाजवळच्या वळणावर प्रवाहाला आवर घालणारी बांधकामे करण्यासाठी ते कर्ज घेतले होते. रोखा बकरीच्या कातड्यावर हाताने लिहिलेला आहे. व्याज दिले की त्याची नोंद त्याच कातड्यावर होई. नोंदींची दाटी होत अखेर जागाच उरली नाही, तेव्हा 1944 मध्ये कागदाची पुरवणी जोडावी लागली.

येलने हा रोखा 2003 मध्ये सुमारे 24,000 युरोंना घेतला, तो ऐतिहासिक दस्तऐवज म्हणून. 2015 मध्ये विद्यापीठाने बारा वर्षांचे थकलेले व्याज मागितले आणि जुन्या मंडळाच्या वारस जलमंडळाने 136.20 युरो चुकते केले. म्हणजे वर्षाला 11.35 युरो. मूळचा पाच टक्के दर पुढे अडीच टक्क्यांवर आला होता आणि महागाईने मुद्दलाची किंमतही झिजवली होती. दीर्घ मुदतीत पैसा सुरक्षित राहणे आणि त्याचे मोल टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या रोख्यावरून स्पष्ट दिसते.

तरीही व्याज थांबले नाही. दरम्यान प्रजासत्ताक जाऊन राजेशाही आली, गिल्डर जाऊन युरो आला. बांधाची गरज मात्र संपली नाही. त्यामुळे पट्टी चालू राहिली आणि तिच्या भरवशावर दिलेला शब्दही.