जुन्नरच्या वाटेनं आलेलं जग

स्नेहसंमेलनात मुलांना किमोनो नाहीतर अरबी झगा घालून स्टेजवर उभं केलं, की जगाच्या संस्कृती शिकवून झाल्या असं आम्ही शिक्षक समजतो. पोरांना मजा येते, माझी तक्रार नाही. पण जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात तिसरी-चौथीला शिकवताना मला भाड्याच्या पोशाखाची गरज भासत नाही. दोन हजार वर्षं जग घाट चढून आमच्याकडे येत होतं आणि आपल्या हातच्या खुणा इथं ठेवून जात होतं.

सातवाहनांच्या काळात कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल नाणेघाटातून वर येई आणि जुन्नरच्या बाजारात उतरे. त्या मालामागून माणसंही आली. मानमोडीच्या डोंगरात भूतलिंग गटातल्या चैत्यगृहाच्या कमानीवर गजलक्ष्मी कोरली आहे. हे दर्शनी काम चंद नावाच्या यवनानं दान दिल्याचं तिथला ब्राह्मी लेख सांगतो. यवन म्हणजे ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेले लोक. जुन्नरच्याच लेण्यांत चिट नावाच्या यवनानं भोजनमंडप दिला, तर इरिल नावाच्यानं पाण्याच्या दोन पोढी, म्हणजे टाकी. मुलांना मी आधी ती कमान काढायला लावते : कमळाच्या पाकळ्यांसारखे कप्पे, मधे लक्ष्मी, दोन्हीकडे हत्ती. चित्र रंगवता रंगवता प्रश्न येतोच, "बाई, पैसे परक्याचे, मग देवी आपली कशी?" लेणं बौद्धांचं आहे, हे तोवर सांगितलेलं नसतं. ते कळलं की गुंता आणखी वाढतो, आणि मला तो वाढलेलाच हवा असतो.

कागदाचं तसंच. ही विद्या चीनमधून मध्य आशियामार्गे इकडे आली आणि जुन्नरच्या कागदी लोकांच्या हाती स्थिरावली. मराठेशाहीच्या दप्तरांत जुन्नरी कागदाला मान होता. वर्गात आम्ही जुन्या वह्या घमेल्यात भिजत घालतो, कुटतो, चाळणीवर लगदा पसरतो. वाळलेला कागद गुळगुळीत गोट्यानं घोटला नाही तर शाई फुटते. हे एकदा हाताला कळलं की कारागिराच्या कष्टावर वेगळा धडा घ्यावा लागत नाही.

सगळंच काही दानातून किंवा व्यापारातून आलं नाही. घोडेगाव-डिंभ्यावरून सहल भीमाशंकरला गेली, की देवळाच्या आवारातल्या मोठ्या घंटेपाशी मी मुलांना थांबवते. ती चर्चची घंटा आहे. 1739 साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली, तेव्हाची. मुलं टोल ऐकतात, नाद किती वेळ टिकतो ते बोटांवर मोजतात आणि गावातल्या झांजेशी ताडून बघतात. ही लढाईतली लूट आहे, हेही मी सांगते. संस्कृती मिरवणुकीनंच येते असं त्यांना वाटायला नको.

मुलांना सगळ्यांत जास्त आवडतो तो अफनासी निकितिन. त्वेर गावचा हा रशियन व्यापारी बहामनी काळात, 1470 च्या आसपास, विकायला एक घोडा घेऊन चौलला उतरला आणि पावसाळ्यात जुन्नरला येऊन राहिला. चार महिने पाणी आणि चिखल, असं त्यानं लिहून ठेवलंय. इथं घोड्यांना हरभरे घालतात आणि साखर-तेल घालून खिचडीही शिजवतात, अशीही नोंद आहे. शाळेत पोषण आहाराची खिचडी खाणारी माझी पोरं हे ऐकून दर वर्षी हसून लोळतात.

जुन्नरचा कारभार पाहणाऱ्या असदखानानं निकितिनचा घोडा काढून घेतला आणि सांगितलं : आमचा धर्म घे, घोडा परत देतो आणि वर हजार मोहरा देतो, नाही घेतलास तर घोडाही गेला आणि हजार मोहरा तूच भर. मुदत चार दिवसांची. शेवटी खुरासानचा ख्वाजा मुहम्मद मधे पडला, त्यानं खानाकडे रदबदली केली आणि निकितिनचा धर्मही वाचला, घोडाही.

याचं नाटक आम्ही बसवतो. संवाद मुलंच रचतात. खान व्हायला सगळे तयार असतात. निकितिन व्हायला मात्र कुणी पुढं येत नाही, कारण त्याला भाषा येत नाही, घर लांब आहे आणि चार दिवस नुसतं घाबरून राहायचंय. पाळी लावूनच तो निवडावा लागतो. आणि ख्वाजाचं काम करणाऱ्यानं दर खेपेला अडखळत का होईना एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं असतं : धर्म वेगळा, मुलूख वेगळा, तरी तू याच्यासाठी का बोललास? तयार उत्तर मी देत नाही. उत्तर वर्गाला पटेपर्यंत नाटक पुढं सरकत नाही. पटलं, की जगाचा नकाशा उघडतो आणि त्वेर, होर्मुझ, चौल, पाली, जुन्नर अशी निकितिनच्या वाटेची रेघ मुलंच ओढतात.