फिशिंग, ट्रोल, कॅटफिश, रेज बेट : या शब्दांचा मासेमारीशी काय संबंध?

"मागचं बिल भरलेलं नाही, आज रात्री तुमची वीज तोडण्यात येईल, लगेच या नंबरवर फोन करा" असा मेसेज तुमच्या घरात कोणाला ना कोणाला नक्की आला असेल. अशा मेसेजला फिशिंग म्हणतात, हे आता बऱ्याच जणांना माहीत आहे. पण फिशिंगच का म्हणतात? यात मासे कुठून आले?

गंमत म्हणजे, ऑनलाइन जगातले असे अनेक शब्द थेट मासेमारीतून आले आहेत. त्यांचा उगम एकदा कळला, की समोरचा आपल्यासोबत काय खेळ करतोय हेही पटकन लक्षात येतं. चला तर मग, एकेक शब्द बघूया.

फिशिंग म्हणजे काय?

बँक, वीज कंपनी, कुरिअर किंवा पोलीस असल्याचं भासवून तुमचा पासवर्ड, ओटीपी किंवा कार्डची माहिती काढून घेणं म्हणजे फिशिंग. मराठीत लिहिताना कळत नाही, पण इंग्रजीत या शब्दाची सुरुवात 'एफ'ने नाही, तर 'पीएच'ने होते. त्यामागे कारण आहे. त्याआधीच्या काळात टेलिफोनच्या यंत्रणेत घुसून फुकट कॉल करणाऱ्यांना 'फ्रीक' म्हणायचे. फोन आणि फ्रीक हे दोन शब्द जोडून 'पीएच'चं ते स्पेलिंग तयार झालं होतं, आणि हॅकर मंडळींनी तेच फिशिंगलाही लावलं.

हा शब्द १९९० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत रुळला. तेव्हा एओएल ही तिथली मोठी इंटरनेट सेवा होती. काही जण एओएलचे कर्मचारी असल्याचं सांगून ग्राहकांना मेसेज करायचे, "तुमचं खातं तपासायचं आहे, पासवर्ड सांगा." शेवटी 'आमचा कोणताही कर्मचारी तुमचा पासवर्ड विचारणार नाही' अशी सूचना एओएलला मेसेजच्या खिडकीतच द्यावी लागली. ओळखीचं वाक्य वाटतंय ना? आपल्या बँका ओटीपीबद्दल आज हेच सांगतात.

पुढे याच शब्दाला पिल्लं झाली. एसएमएसवरून केलं तर स्मिशिंग, फोनवर बोलून केलं तर विशिंग आणि क्यूआर कोडमधून केलं तर क्विशिंग.

ट्रोल म्हणजे काय?

ट्रोल म्हटलं की स्कँडिनेव्हियातल्या लोककथांमधला राक्षस आठवतो. पण इंटरनेटवरचं 'ट्रोलिंग' मुळात मासेमारीतलं. चालत्या होडीमागे आमिष लावलेला गळ ओढत नेण्याला इंग्रजीत ट्रोलिंग म्हणतात. कोणता मासा तोंड घालेल ते आधी ठरलेलं नसतं.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला यूजनेट नावाच्या चर्चांच्या जाळ्यावर जुनी मंडळी मुद्दाम एखादा चावून चोथा झालेला प्रश्न टाकायची. जुन्यांना ती थट्टा कळायची, नवखे मात्र गंभीरपणे लांबलचक उत्तर द्यायचे. म्हणजे लागला मासा गळाला! नंतर थट्टा मागे पडली, त्रास देणं वाढलं आणि राक्षसाचा अर्थही त्याला येऊन चिकटला. 'ट्रोलला खायला घालू नका' हा सल्ला त्यातूनच आला. खायला घालणं म्हणजे उत्तर देणं.

कॅटफिश म्हणजे काय?

दुसऱ्याचे फोटो आणि खोटं नाव वापरून प्रोफाइल बनवायचं आणि कोणाला तरी प्रेमात किंवा मैत्रीत ओढायचं, याला कॅटफिशिंग म्हणतात. हा अर्थ २०१० च्या 'कॅटफिश' या अमेरिकन माहितीपटामुळे पसरला. त्यातला तरुण फेसबुकवर एका मुलीच्या प्रेमात पडतो. प्रत्यक्षात ती सगळी प्रोफाइल्स एक मध्यमवयीन विवाहित बाई चालवत असते.

माहितीपटात तिचा नवरा एक गोष्ट सांगतो. कॉड मासे लांबवर नेताना टाकीत सुस्त पडून राहायचे, म्हणून त्यांना पळतं ठेवायला टाकीत कॅटफिश सोडायचे. आयुष्यातही अशी माणसं असतात, असं त्याचं म्हणणं. ही एक ऐकीव कथा आहे, पण शब्द मात्र कायमचा चिकटला.

क्लिक बेट आणि रेज बेट

बेट म्हणजे गळाला लावलेलं आमिष. 'पुढे जे घडलं ते पाहून थक्क व्हाल' हे क्लिक बेट. तुम्हाला चिडवायलाच बनवलेली पोस्ट म्हणजे रेज बेट. ऑक्सफर्डने २०२५ सालचा शब्द म्हणून रेज बेटचीच निवड केली. इथे लक्षात ठेवायचं ते इतकंच, की शिवी घालायला केलेली कमेंटही कमेंटच असते. त्याने ती पोस्ट आणखी लोकांपर्यंत जाते.

मग मराठीत काय म्हणायचं?

आपल्याकडे शब्द आधीपासून आहे. 'नोकरीचं आमिष दाखवून फसवणूक' ही बातमी पेपरात नेहमी दिसते. आमिष या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ मांस. म्हणूनच मांसाहारी जेवण सामिष आणि शाकाहारी जेवण निरामिष. गळाला लावलेला मांसाचा तुकडा तो आमिष. 'गळाला लागला', 'जाळ्यात अडकला' हेही आपण रोज म्हणतो.

या सगळ्या शब्दांमागची युक्ती एकच आहे. मासेमार माशाच्या मागे पोहत नाही. तो आमिष टाकतो आणि वाट बघतो. वीज तोडण्याची भीती, घरबसल्या कमाईची हाव, गोड बोलणारी अनोळखी व्यक्ती, डोक्यात जाणारी पोस्ट, ही सगळी आमिषंच. म्हणून एखादा मेसेज बघून एकदम घाबरायला झालं, हाव सुटली किंवा राग आला, तर आधी थांबा.

• पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. तो फक्त पैसे देताना किंवा बॅलन्स बघताना लागतो.
• लग्नपत्रिका किंवा चलानच्या नावाने आलेली एपीके फाइल उघडू नका.
• मेसेजमधल्या नंबरवर फोन करू नका. बिलावर किंवा पासबुकवर छापलेला नंबर वापरा.
• 'डिजिटल अरेस्ट' नावाची कोणतीही अटक कायद्यात नाही.

आणि तरीही पैसे गेलेच, तर लाजेने गप्प बसू नका. ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे वाटेतच रोखले जाण्याची शक्यता जास्त. घरात आई-बाबा किंवा आजोबा फसले, तर "इतकं कसं कळलं नाही?" असं त्यांना विचारू नका. ओरडा बसेल या भीतीने लोक लपवतात, आणि लपवण्यातच महत्त्वाचे तास निघून जातात.