ट्रान्सकोनाचं कोठार आणि त्याखालची माती

कॅनडात विनिपेगजवळच्या ट्रान्सकोना इथे कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेचं काँक्रीटचं नवंकोरं धान्यकोठार 18 ऑक्टोबर 1913 रोजी भरता भरता कललं. त्याबद्दलचे तीन लेख शेजारी ठेवून वाचले की घडलेलं बरंचसं जुळवता येतं. पहिला अलेक्झांडर अलेअर यांचा, 1916चा. कोठार कसं कललं आणि पुन्हा कसं उभं केलं, त्याचा तो वृत्तांत. दुसरे दोन 1953 साली ‘जिओटेक्निक’ या नियतकालिकात आले: प्रत्यक्षदर्शी एल. स्कॉट व्हाइट यांची हकीकत, आणि राल्फ पेक व एफ. जी. ब्रायंट यांनी केलेला मातीचा तपास.

जमीन न तपासताच इमारत उभी केली असणार, असं आपण चटकन धरून चालतो. इथे तसं झालं नव्हतं. 12 फूट खोदल्यावर घट्ट चिकणमाती लागली. त्याच तळावर वजन ठेवून चाचणी घेतली, आणि जमीन चौरस फुटाला 4 ते 5 टन पेलेल असं दिसलं. संकल्पनात भार धरला होता 3.3 टन.

हा भार आज आपणही पडताळू शकतो. रिकाम्या कोठाराचं वजन 20,000 टन (2,000 पौंडांचा टन). पाया 77 फूट रुंद, 195 फूट लांब, म्हणजे 15,015 चौरस फूट. क्षमता 10 लाख बुशेल. गव्हाचा बुशेल 60 पौंडांचा, म्हणजे धान्य 30,000 टन. एकूण 50,000 टनांना क्षेत्रफळाने भागलं की 3.33 येतात. हिशेब चोख होता. कलण्याच्या दिवशी तर कोठारात 8,75,000 बुशेलच होते. त्या वजनाने भार येतो 3.08 टन, म्हणजे ठरवलेल्यापेक्षाही कमी.

तरीही जमीन हरली. पहिल्या तासाभरात अख्खी इमारत सुमारे फूटभर खचली, मग पश्चिमेकडे झुकू लागली. चोवीस तासांत ती जवळजवळ 27 अंशांपर्यंत गेली. पश्चिमेची कड 24 फूट खाली, पूर्वेची 5 फूट वर. कोठाराच्या 65 गोल कोठ्या मात्र एकसंध राहिल्या. पुढे धान्य काढून घेतलं, खडकापर्यंत काँक्रीटचे खांब उतरवले आणि जॅक लावून कोठार सरळ केलं. मला त्या बांधकामाचं आणि सरळ करणाऱ्यांचं मनापासून कौतुक वाटतं. कच्चं होतं ते जमिनीबद्दलचं ज्ञान.

त्याचा उलगडा व्हायला 1951 साल उजाडलं. तेव्हा तिथे बोअर घेऊन मातीचे नमुने काढले गेले. वरच्या थराची दाबशक्ती चौरस फुटाला सरासरी 1.13 टन निघाली, खालच्या मऊ थराची फक्त 0.65. या आकड्यांवरून काढलेली जमिनीची अंतिम धारणक्षमता प्रत्यक्ष कोसळतानाच्या भाराच्या अगदी जवळ आली.

मग 1911च्या सुमाराची चाचणी खोटी होती का? माझ्या मते नाही. भाराचा दाब जमिनीत साधारण रुंदीच्या दीडदोन पट खोल पोचतो. चाचणीचं बूड लहान असल्याने तिला वरचा घट्ट थर तेवढा कळला. 77 फुटी पायाचा दाब मात्र थेट मऊ थरात उतरला. त्या अभियंत्यांना दोष देणं मला अन्यायाचं वाटतं. कार्ल टेरझागी यांचा मृदायांत्रिकीवरचा पायाभूत ग्रंथच 1925 साली आला.

आपल्याला ती सबब नाही. आपल्याकडची प्लेट लोड टेस्ट, म्हणजे तशीच वजन ठेवून घ्यायची चाचणी, आयएस 1888 या भारतीय मानकाप्रमाणे 30 ते 75 सेंटिमीटरच्या प्लेटवर होते. म्हणून इमारतीचा माती-अहवाल हाती आला की धारणक्षमतेचा आकडा पाहण्याआधी बोअर किती खोल घेतला आणि खाली कोणते थर लागले, हे जरूर विचारा.