शाळेतलं लैंगिक शिक्षण नेमकं कुठे अडतं? वडशाच्या वर्गातून पाहिलं तर

वडसा म्हणजे देसाईगंज. रेल्वे स्टेशन आणि झाडीपट्टीची नाटकं यांमुळे गडचिरोली जिल्ह्यातलं हे गाव पूर्व विदर्भात सगळ्यांना ठाऊक आहे. इथे काय किंवा पुण्यात काय, मुलींना पाळी साधारण सहावी-सातवीत येते. राज्य मंडळाच्या पुस्तकात मात्र प्रजननसंस्था, पाळीचं चक्र आणि गर्भनिरोधन हे सगळं सविस्तर येतं ते दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये. म्हणजे घटना आधी आणि धडा तीन-चार वर्षांनी. आठवी-नववीत शाळा सुटलेल्या मुलीपर्यंत तो धडा पोचतच नाही.

मधल्या काळात माहिती मिळते मैत्रिणींकडून, आईकडून आणि आता मोबाइलवरून. मुलांच्या वाट्याला तर मोबाइलच येतो.

२००७ साली काय झालं?

केंद्र सरकारने एड्स रोखण्याच्या हेतूने शाळांसाठी किशोरावस्था शिक्षण कार्यक्रम आणला होता. त्यातल्या चित्रांवरून गदारोळ झाला आणि महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी तो थांबवला. वाद राज्याला नवा नव्हता. र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं, अश्लीलतेचे खटले सोसले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

‘असं शिकवलं तर मुलं बिघडतील’ ही भीती तेव्हाही होती, आजही आहे. युनेस्कोने २०१८ मध्ये अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून पाहिले. अशा शिक्षणामुळे मुलं लवकर शरीरसंबंधांकडे वळतात, असं त्यांत दिसलं नाही. काही ठिकाणी ती उलट उशिराने वळली.

न बोलण्याची किंमत

ती याच जिल्ह्यात मोजली गेली आहे. ‘सर्च’ संस्थेच्या डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले : ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता. त्याआधी तशी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं हे बाईच्या जातीला असायचंच, असं धरून चालण्याचा हा परिणाम. त्यात दवाखाना लांब, आणि स्त्री डॉक्टर नाहीच.

पुढे डॉ. राणी बंग यांनी तरुण मुलामुलींसाठी ‘तारुण्यभान’ हा कार्यक्रम सुरू केला. त्यात शरीराची माहिती आहेच. शिवाय आकर्षण, लग्न, व्यसन, जबाबदारी यांवरही मोकळं बोलणं होतं. शाळेतल्या धड्यात नेमका हाच भाग गळतो. आकृतीला नावं देता येतात, गुणही मिळतात. पण हस्तमैथुनाने अशक्तपणा येतो का, पहिल्या रात्री रक्त आलंच पाहिजे का, या प्रश्नांची उत्तरं आकृतीत नसतात. (दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असं आहे.)

शिक्षक का टाळतात?

लाज हे एक कारण. गावात लोक काय म्हणतील ही धास्ती दुसरं, आणि प्रशिक्षण नसणं हे सगळ्यांत मोठं. आयुष्मान भारत योजनेखाली २०२० मध्ये शालेय आरोग्य कार्यक्रम आला; त्यात प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांना तयार करायचं आहे, शक्यतो एक बाई आणि एक सर. कागदावर रचना चांगली आहे. खरी कसोटी लागते ती जीवशास्त्राचा तास ‘घरी वाचून या’ म्हणून न संपवण्यात.

मुलींना वेगळं बसवून पाळीवर एक व्याख्यान आणि पॅडचं वाटप, एवढ्यावर बऱ्याच ठिकाणी विषय मिटतो. त्या वेळी मुलं बाहेर मैदानात असतात. उद्या बायकोच्या आजारपणात, मूल कधी हवं या निर्णयात त्यांचाच शब्द चालणार असतो, तरी त्यांना कुणी काही सांगितलेलं नसतं.

वर्गात करता येण्याजोग्या गोष्टी फार खर्चिक नाहीत. नाव न लिहिता चिठ्ठी टाकण्याची प्रश्नपेटी ठेवावी. पहिला तास पाळी येण्याआधी, म्हणजे पाचवी-सहावीतच घ्यावा. पालकांना आधी बोलावून काय शिकवणार ते दाखवावं. मुलं घरी वापरतात त्या शब्दांपासून सुरुवात करावी आणि मग शास्त्रीय शब्द द्यावा. ‘नाही’ म्हणजे नाहीच, हे मुलांनाही तितक्याच ठामपणे सांगावं.

कायद्याचा भाग टाळून चालत नाही. पोक्सो कायदा २०१२ नुसार १८ वर्षांखालच्या व्यक्तीची संमती धरली जात नाही. अत्याचाराची माहिती असून ती न कळवणं हा गुन्हा आहे आणि तो शिक्षकालाही लागू होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न १८ च्या आत झालेलं होतं. वर्गातल्या काही मुलींसाठी हा पुस्तकातला कायदा नाही.

मदत कुठे मिळते?

१० ते १९ वयोगटासाठी सरकारी रुग्णालयांत ‘मैत्री क्लिनिक’ चालवली जातात; तिथे सल्ला मोफत मिळतो आणि बोलणं गुप्त ठेवणं अपेक्षित असतं. बालविवाह किंवा अत्याचाराबाबत १०९८ या चाइल्डलाइनवर दिवसरात्र फोन करता येतो.